डी फार्म की फार्म डी? अक्षरं तीच, गल्ली वेगळी

बारावीचा निकाल लागला की मला एक फोन ठरलेला असतो. यंदा मावशीचा आला. "अरे, पोरीला फार्म डी मिळतंय म्हणतायत, दोनच वर्षांचं असतं ना ते?" मी म्हटलं मावशी, कागद हातात घे आणि वाचून सांग, डी आधी आहे की नंतर? पलीकडे शांतता. मग "थांब, चष्मा आणते."

हसू नका, भलेभले गोंधळतात यात. डी फार्म म्हणजे डिप्लोमा इन फार्मसी, दोन वर्षं आणि वर ट्रेनिंग. फार्म डी म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, सहा वर्षं. एकच डी, पण पुढे लागला तर डिप्लोमा आणि मागे लागला तर डॉक्टर, आणि मधे चार वर्षांचा फरक. मी स्वतः डी फार्म करून, मग डायरेक्ट सेकंड इयरला घुसून बी फार्म, म्हणजे फार्मसीची चार वर्षांची पदवी, केलेला माणूस आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत बसतो, आणि वरच्या वॉर्डात फार्म डी वाली मुलं रोज बघतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं माहितीये.

आधी एक गोष्ट सांगतो जी कॉलेजच्या माहितीपत्रकात ठळक छापलेली मी तरी पाहिली नाही. दोन्हीपैकी कुठलाही कोर्स केला तरी शेवटी स्टेट फार्मसी कौन्सिलमध्ये जी नोंदणी होते ती एकच. रजिस्टर्ड फार्मासिस्ट. फार्मसी ॲक्ट १९४८ चा, त्यातलं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं ते रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच, आणि त्या कलमाला तुम्ही दोन वर्षं शिकलात की सहा याच्याशी काही घेणंदेणं नाही. मेडिकल टाकायचं एवढंच डोक्यात असेल तर फार्म डी करणं म्हणजे शेजारच्या गावाला जायला विमान पकडणं. आणि उलटंही तितकंच खरं, वॉर्डात उभं राहून डॉक्टरशी डोसवर बोलायचं स्वप्न असेल तर नुसत्या डी फार्मवर ते दार उघडत नाही.

आता डी फार्म. बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री पाहिजेच आणि सोबत बायो किंवा मॅथ्स. महाराष्ट्रात ॲडमिशन बारावीच्या मार्कांवर होतं, सीईटी लागत नाही, म्हणून गर्दीही इकडे. दोन वर्षं झाली की ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, कमीत कमी तीन महिन्यांत पसरलेलं, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात गेले पाहिजेत असा नियम आहे. नियम आहे म्हणतोय मी. कित्येक पोरं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही-शिक्का आणतात आणि तीन महिने घरी झोपतात, मग पहिल्या नोकरीत काउंटरला उभं राहिल्यावर घाम फुटतो. ते ५०० तास चुकवू नका एवढं हात जोडून सांगेन, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. माझंच सांगतो, ट्रेनिंगला असताना एक चिठ्ठी आली, मिथोट्रेक्सेट, संधिवाताच्या बाईंची. मी पाकिटावर सवयीने "रोज एक" लिहायला घेतलं आणि सरांनी पेन धरलं. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी खाली येतात, माणूस जिवाला मुकू शकतो. सरांनी पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त सोमवारी" लिहिलं, बाईंकडून ते दोनदा वदवून घेतलं आणि मगच पाकीट हातात दिलं. पुस्तकात हे वाचलं होतं की मी, पण हाताला माहीत नव्हतं.

पूर्वी डिप्लोमा पास झालं, ट्रेनिंग झालं की सरळ नोंदणी व्हायची. २०२२ च्या नियमांनी मधे एक्झिट एक्झाम आणून ठेवली. तीन पेपर, बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकात वेगवेगळे ५० टक्के पाहिजेत, आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. खूप आरडाओरडा झाला त्यावर पण मला विचाराल तर बरंच झालं.

फार्म डी हे तुलनेने नवं प्रकरण. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम २००८ चे. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिप, त्यात सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि बाकीचे सहा महिने तीन वेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. कॉलेजला किमान ३०० खाटांचं हॉस्पिटल जोडलेलं हवं, कारण इंटर्नशिपच्या आधीच पोरं वॉर्डात फिरायला लागतात. आपल्याकडे याला सीईटी लागते. बारावीला मॅथ्सवाले असाल तरी चालतं, पहिल्या वर्षाला बायोलॉजीचा एक जास्तीचा पेपर गळ्यात पडतो एवढंच. डी फार्म आणि बी फार्मवाल्यांनी औषध कसं बनतं, कसं साठवतात, कसं द्यायचं हे शिकायचं, तर या लोकांचा जोर पेशंटवर, कुठल्या आजारात कुठलं औषध, किती डोस, किडनी अर्धवट चालत असेल तर तोच डोस किती कमी, रक्तात औषधाची पातळी मोजून काय बदलायचं, असं.

आमच्याकडची एक इंटर्न मुलगी आहे, शांत, हातात कायम डायरी. एका पेशंटला वॉरफरिन चालू होतं, रक्त पातळ करायचं, आणि पोटाच्या इन्फेक्शनसाठी त्यात मेट्रोनिडाझोल ॲड झालं. मी खाली दोन्ही औषधं काढून वर पाठवली पण होती, माझ्याकडे फक्त इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागणीचा कागद येतो, पेशंटची फाईल नाही. तिने वर राउंडला चार्ट बघितला, या दोघांची जोडी झाली की वॉरफरिनचा असर वाढतो म्हणून तिने रेसिडेंट डॉक्टरला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, परत करायला सुचवलं, रिपोर्ट चढलेलाच आला आणि वॉरफरिनचा डोस कमी झाला. एवढंच झालं, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण खालचं काम आणि वरचं काम यातला फरक मला त्या दिवशी नीट समजला, मी औषध बघत होतो आणि ती औषध घेणारा माणूस बघत होती. फार्मसी तीच.

आणि हो, फार्म डी म्हणजे डॉक्टर होणं नव्हे हे घरच्यांना आधी समजावून सांगा. नावापुढे डॉ. लावायचं का यावर लोक तासन्‌तास भांडतात, भांडू देत, पण औषध लिहून द्यायचा अधिकार या डिग्रीने मिळत नाही. तो रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरचा. फार्म डी वाला सुचवतो, सही डॉक्टरची.

आता खरा प्रश्न, पुढे काय.

डी फार्मवाल्याला नोकरी लवकर लागते, मेडिकल स्टोअर, हॉस्पिटल फार्मसी, जनऔषधी केंद्र, सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी. पण पाच-सात वर्षांनी तो तिथेच उभा असतो ही तक्रार पण खरी आहे, शिडीच्या पायऱ्या लवकर संपतात. उदाहरणार्थ ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं तर फार्मसीची डिग्री लागते, डिप्लोमा चालत नाही. म्हणून डी फार्मनंतर बी फार्मला डायरेक्ट सेकंड इयर हा रस्ता मी सगळ्यांना सांगतो, तीन वर्षांत डिग्री हातात आणि मधल्या काळात रजिस्ट्रेशन असतंच. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं पण डी फार्म झालेल्यालाही फार्म डी ला जाता येतं, नियमात बसतं, फक्त तिथे पहिल्या वर्षापासून सुरुवात, एकही वर्ष वाचत नाही, त्यामुळे दोन अधिक सहा असा हिशोब होतो. बी फार्म झालेल्याला मात्र फार्म डी पोस्ट बॅकलॉरिएट नावाचा तीन वर्षांचा रस्ता आहे, दोन वर्षं शिक्षण एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे डी फार्म, मग बी फार्म, मग पोस्ट बॅक, तीही दोन अधिक तीन अधिक तीन, आठच होतात! पण यात प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं, म्हणून मला हा रस्ता जास्त आवडतो.

फार्म डी वाल्यांचं दुखणं वेगळंच. शिकवतात वॉर्डसाठी आणि क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा आपल्याकडे मोजक्या, मोठी हॉस्पिटलं सोडली तर फारसं कुणी ठेवत नाही. मग पोरं जातात फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या केसेस तपासायच्या, कॉम्प्युटरसमोर. पेशंट कोण, औषध कुठलं, त्रास काय झाला आणि कळवलं कुणी, या चार गोष्टी असल्या तर केस धरायची, मग त्रासाला ठरलेला कोड द्यायचा, घटनाक्रम लिहायचा. बाकीचे क्लिनिकल रिसर्चमध्ये, मेडिकल रायटिंगमध्ये. कामं वाईट नाहीत, वाढायला जागाही असते, पण ज्याने सहा वर्षं पेशंटशी बोलायचं म्हणून काढली त्याला स्क्रीन बघत बसावं लागलं की तो चिडतो, आणि त्याला कुणी हे आधी सांगितलेलं नसतं.

बाहेरच्या देशाचं गणित मात्र फार्म डी च्या बाजूने झुकतं, निदान अमेरिकेचं. तिकडे बाहेरच्या फार्मासिस्टना जी पहिली परीक्षा द्यावी लागते त्यासाठी १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्यांचा कोर्स किमान पाच वर्षांचा हवा. आपलं बी फार्म चार वर्षांचं, तिथेच अडतं. अमेरिका पक्की असेल तर गोंधळ नको, फार्म डी च.

तिकडे अजून एक वेगळी पोस्ट असते, फार्मसी टेक्निशियन. फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषधं मोजणं, भरणं, स्टॉक, बिलिंग. इंग्लंडमध्ये २०११ पासून त्यांचीही नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे अशी नोंदणी असलेली वेगळी पायरीच नाही, मेडिकलमध्ये जो मदतनीस असतो तो कागदावर कुणीच नसतो, हातातलं काम कितीही चांगलं असलं तरी. असा कुणी ओळखीचा असेल आणि बारावी सायन्स झालेला असेल तर त्याला डी फार्मला बसवा, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या सर्टिफिकेटखाली राबण्यात काय अर्थ आहे.

ॲडमिशन घेण्याआधी दोन कामं करा. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता त्याच कोर्सला आणि त्याच वर्षाला आहे का ते कौन्सिलच्या यादीत बघा, कारण बी फार्मची मान्यता असली म्हणून फार्म डी ची असतेच असं नाही, आणि मान्यता नसलेल्या ठिकाणचं सर्टिफिकेट नोंदणीला चालत नाही. फार्म डी असेल तर जोडलेलं हॉस्पिटल कुठलं ते विचारा आणि सरळ तिथे जाऊन या, वॉर्डात पेशंट आहेत का, तिथल्या डॉक्टरांना कॉलेजची पोरं माहिती आहेत का. अर्ध्या तासात कळतं.

मावशीचं राहिलंच की. चष्मा घालून परत आली, अक्षर अक्षर वाचलं. डी आधी होता. पोरीला विचारलं तर तिला मेडिकलच टाकायचंय.

ठीक आहे म्हटलं, पण ते ५०० तास मी मोजणार.