विटांची फरसबंदी पडद्यावर कशी उतरली

संगणकावर तयार केलेल्या वास्तुचित्रात विटांची भिंत छान जमली, म्हणून विटांची फरसबंदीही जमेलच असे नाही. भिंत बहुधा समोरून दिसते. जमीन मात्र कॅमेऱ्याच्या पायाशी सुरू होऊन क्षितिजाकडे पसरत जाते. पुढची वीट हाताच्या अंतरावर, मागची ठिपक्याहून लहान, आणि सगळे तिरक्या नजरेने पाहिलेले. गेल्या पन्नास वर्षांतली टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राची किंवा नक्षीची, तंत्रे या बाजूने पाहिली, की त्यातले प्रत्येक का लागले ते चटकन कळते.

टेक्स्चरच्या आधी काम रेघांवर भागत असे. आराखड्यात फरसबंदी दाखवायची तर नक्षीच्या रेघा ओढायच्या. ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा रेघांनी भरायच्या हॅचमध्ये 'एआर-एचबोन' ही हेरिंगबोनची, म्हणजे माशाच्या काट्यासारखी, नक्षी आजही तयार मिळते. नकाशाला तेवढे पुरते, पण रेघेला ना रंग ना सावली.

१९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या पीएचडी प्रबंधात एडविन कॅटमल यांनी सपाट चित्र त्रिमितीय पृष्ठभागावर चढवण्याची पद्धत मांडली. आता एकेक वीट मॉडेल करत बसायला नको; विटांचा फोटो घ्यायचा, त्याच्या कडा एकमेकींशी जुळवायच्या आणि तोच तुकडा अंगणभर पसरायचा. जमिनीच्या बाबतीत हे लगेच अडले. दूरवर एका पिक्सेलमध्ये कितीतरी विटा मावतात, त्यातला कुठला तरी एकच बिंदू रंग ठरवतो, आणि मग भलत्याच लाटा उमटतात. कॅमेरा हलला की जमीन झगमगू लागते.

त्यावरचा उपाय १९८३ मध्ये लान्स विल्यम्स यांनी दिला: मिपमॅप. मूळ चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा प्रती आधीच सरासरी काढून ठेवायच्या आणि अंतराप्रमाणे योग्य ती वापरायची. १०२४ पिक्सेलचे चित्र ५१२, २५६ करत एका पिक्सेलपर्यंत येते, आणि या साऱ्या प्रतींना मूळच्या फक्त एक तृतीयांश जास्त जागा लागते. फरसबंदीपुरते बोलायचे तर मला हे सर्वांत मोलाचे पाऊल वाटते. उणीव एवढीच, की मिपमॅप चित्र आडव्या-उभ्या दिशांना सारखेच धूसर करतो, त्यामुळे तिरकी जमीन गरजेपेक्षा लवकर पुसट होते. ती कसर पुढे अ‍ॅनायझोट्रॉपिक फिल्टरिंगने, म्हणजे दिशेप्रमाणे कमीअधिक धूसर करण्याने, भरून काढली.

मधल्या काळात, १९७८ मध्ये, जिम ब्लिन यांनी बंप मॅपिंग आणले होते. पृष्ठभाग सपाटच राहतो, पण उजेडाचा हिशोब करताना त्याची दिशा जराशी कलती धरली जाते, त्यामुळे सांधे खोल भासतात. मात्र नजर जमिनीलगत आली की भास उघडा पडतो, कारण पुढची वीट मागचा सांधा झाकत नाही. खरोखरच पृष्ठभाग वरखाली सरकवणारे डिस्प्लेसमेंट रॉब कुक यांनी १९८४ मध्ये मांडले.

१९८५ मध्ये केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनी वेगवेगळ्या लेखांतून दुसरीच वाट दाखवली: चित्र साठवू नका, नियम लिहा. साध्या बांधणीचा नियम दोन ओळींचा आहे. जागेचे विटेच्या मापाने भाग पाडायचे आणि एकाआड एक ओळ अर्ध्या विटेने सरकवायची. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या विटांच्या तयार घटकात (ब्रिक टेक्स्चर नोड) ऑफसेट ०.५ आणि फ्रिक्वेन्सी २ ही मूळ मूल्ये असतात, ती हीच.

पण फरसबंदीला साधी बांधणी क्वचितच पुरते. हेरिंगबोनमध्ये आडवी वीट उभ्या विटेच्या अंगाला भिडते, तिथे ओळ सरकवून काही साधत नाही. त्याचा नियम मात्र सुंदर आहे. विटेच्या रुंदीएवढे चौकोन आखा. रकान्याच्या क्रमांकातून ओळीचा क्रमांक वजा करा आणि चारने भागा. बाकी ० किंवा १ उरली तर चौकोन आडव्या विटेचा, २ किंवा ३ उरली तर उभ्या. म्हणजे नक्षी दर चार चौकोनांनी परत येते: १०० मिमी रुंदीला ४०० बाय ४०० मिमीचा तुकडा, त्यात आठ विटांची जागा. नक्षी ४५ अंशांत फिरवली तर तुकडा आणखी लहान होतो, साधारण १४१ बाय २८३ मिमी, अवघ्या दोन विटांचा.

हे जुळायला एक अट आहे: विटेची लांबी अधिक एक सांधा हे माप रुंदी अधिक एक सांधा या मापाच्या नेमके दुप्पट हवे. ब्रिटिश प्रमाणित वीट २१५ बाय १०२.५ मिमी असते. १० मिमीचा सांधा धरला की २२५ आणि ११२.५, चोख जुळते. फरसबंदीची २०० बाय १०० ची वीट घेऊन तोच १० मिमीचा सांधा ठेवला तर २१० आणि ११० येतात; ११० ची दुप्पट २२० होते, २१० नाही, आणि नक्षी बसत नाही. अशा विटा प्रत्यक्षात २ ते ५ मिमीच्या, वाळू भरलेल्या सांध्यांनी बसवतात. कितीतरी वास्तुचित्रांत अंगणभर बोटाएवढे सांधे दिसतात. तिथे टेक्स्चर भिंतीचे असते आणि विटा फरसबंदीच्या असतात.

२०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी मांडलेल्या शेडिंगच्या (पृष्ठभागावरचा उजेड मोजण्याच्या) पद्धतीनंतर रंग, खरखरीतपणा आणि उंची यांची वेगळी चित्रे (मॅप) ठेवण्याची रीत सर्वत्र रुळली. सबस्टन्स डिझायनरसारख्या टेक्स्चर बनवण्याच्या साधनांत आता नियम आणि फोटो एकत्र नांदतात: मांडणी नियमाने, डाग आणि झीज फोटोवरून किंवा नॉइजने, म्हणजे गणिताने बनवलेल्या अनियमित नक्षीने. सबस्टन्स डिझायनर बनवणारी अ‍ॅलेगोरिदमिक ही फ्रेंच कंपनी २०१९ मध्ये अडोबीने घेतली.

एवढे सगळे हाताशी असूनही पुनरावृत्ती लपवणे हे काम उरतेच. दोन विटांचा तुकडा गणिताला पुरतो, डोळ्याला नाही. एक काळपट वीट ठरावीक अंतराने दिसली की वरून घेतलेल्या दृश्यात तिच्या रांगा लागतात. म्हणून प्रत्येक विटेला स्वतःचा यादृच्छिक आकडा देतात. त्यावरून तिच्या रंगाची छटा ठरते, आणि एखाद्या मिलिमीटरचा कलही. सकाळच्या तिरप्या उन्हात ओल्या विटांवरची चमक विटेगणिक बदलते ती या कलामुळे. वेळ कमी असेल तर रंगापेक्षा कलावर मेहनत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.