अपील केलं म्हणजे स्टे मिळाला असं नाही

‘वरच्या कोर्टात अपील टाका, खालचा निकाल आपोआप थांबतो.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. ऐकायला पटतो, कारण निकाल वादात असताना अंमल कसा होईल, असं कुणालाही वाटेल. पण दिवाणी दाव्यांत कायदा नेमका उलट आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 41, नियम 5 उघडून बघा. केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची, म्हणजे निकालानुसार कोर्टाने काढलेल्या आदेशाची, अंमलबजावणी थांबत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो. मोठं नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर झालेला नाही आणि तारण द्यायची तयारी आहे, हे कोर्टाला पटावं लागतं. पैशाच्या हुकूमनाम्यात बहुतेकदा रक्कम जमा करायला सांगतात.

खात्री घरबसल्या होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाका आणि शेवटचा आदेश वाचा. तिथे फक्त ‘नोटीस काढा’ एवढंच असेल, तर स्थगिती नाही. ‘पुढील तारखेपर्यंत अंमलबजावणीस स्थगिती’ असेल, तर ती तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत न वाढल्यास संरक्षण संपतं.

या गैरसमजाची किंमत दोघांनाही पडते. हरलेला निर्धास्त बसतो आणि दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जावर, कोर्टाचा बेलीफ दारात येतो. जिंकलेला दरखास्तच लावत नाही, वर्षं वाया जातात. शिवाय निव्वळ वेळ काढायला केलेल्या अपिलांनी उच्च न्यायालयाचा बोर्ड (रोजच्या सुनावणीची यादी) भरतो आणि ज्याची तक्रार खरी आहे त्याची सुनावणी लांबते, हे मला सर्वांत जास्त सलतं.