कॅपच्या आत कोंडलेली उष्णता

इंजिन बंद केलं की ते लगेच थंड व्हायला लागतं, असं आपण धरून चालतो. पहिली काही मिनिटं मात्र उलटंच घडतं. इंजिनावर चालणारा वॉटर पंप थांबतो, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह थांबतो, पण सिलिंडरच्या भिंतींत आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) साठलेली उष्णता कुठेच गेलेली नसते. ती जागीच थबकलेल्या कूलंटमध्ये उतरते आणि त्याचं तापमान गाडी चालताना होतं त्याहूनही थोडं वर चढतं. रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट हवेने थंड करणाऱ्या भागाच्या, कॅपला हात लावायला याहून वाईट वेळ नाही. आणि गाडी गरम झाली म्हणून बॉनेट उघडलं, की हात सर्वांत आधी त्या कॅपकडेच जातो.

हा लेख मुख्यतः त्या कॅपबद्दल आहे. तिच्या आत काय चाललेलं असतं हे एकदा नीट कळलं, की कूलिंगची बाकीची देखभाल कशासाठी आणि कशी करायची हे बरंचसं आपोआप उलगडतं.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. साधारण तितकीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्यापैकी बहुतेक कूलंटला वाहून न्यावी लागते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरीही हेड शाबूत राहतं, कारण धातूच्या पलीकडच्या बाजूने कूलंट अखंड वाहत असतं आणि उष्णता तिथे साठू देत नाही. हा प्रवाह काही मिनिटं जरी खंडला तरी हेड वाकू शकतं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात ही उष्णता घालवायची पद्धत अगदी साधी होती : पाणी उकळू द्यायचं आणि वाफ हवेत सोडायची. 1886 सालच्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीत हेच होत असे. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे 100 किलोमीटर, त्या गाडीतून गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरावं लागलं होतं. पुढे 1900-01 च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर मर्सिडीजसाठी तयार केला, आणि तेच पाणी हवेने थंड करून पुन्हा पुन्हा वापरणं खऱ्या अर्थाने जमू लागलं. त्यानंतरची मोठी पायरी म्हणजे दाब धरून ठेवणारी कॅप.

दाब कशासाठी? पाणी किती अंशांना उकळेल हे त्याच्यावरच्या दाबावर ठरतं. मोकळ्या हवेत, समुद्रसपाटीला, ते 100 अंशांना उकळतं. रेडिएटरची कॅप साधारण 1 बारपर्यंत, म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, जादा दाब आत राखते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि पाणी व ग्लायकॉल (कूलंटसाठी पाण्यात मिसळलं जाणारं रसायन) निम्मं-निम्मं असेल तर ही मर्यादा 129 अंशांच्या आसपास जाते. फायदा फक्त उकळणं टळण्याचा नाही. बाहेर 40 अंश तापमान असताना कूलंट 100 अंशांवर असेल तर दोघांत 60 अंशांचा फरक पडतो, 115 अंशांवर असेल तर 75 अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तितक्याच हवेत, जवळपास सव्वापट उष्णता बाहेर टाकतो. लहान रेडिएटरवर मोठं इंजिन निभावतं ते या दाबाच्या बळावर.

आता ही कॅप गरम असताना उघडली तर काय होतं, याचा हिशोब करून पाहू. आत 1 किलो पाणी 110 अंशांवर आहे असं समजा. दाबाखाली ते निवांत द्रवरूपात आहे. कॅप फिरवली की दाब एका क्षणात बाहेरच्या हवेइतका होतो, आणि त्या दाबाला पाणी 100 अंशांच्या वर द्रव राहू शकत नाही. वरच्या 10 अंशांची उष्णता, म्हणजे सुमारे 42 किलोज्यूल, वाफ तयार करण्यातच खर्च होते. 1 किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2257 किलोज्यूल लागतात, तेव्हा या उष्णतेत जेमतेम 19 ग्रॅम पाण्याची वाफ होईल. चार चमचेसुद्धा नाही. पण तेवढ्या वाफेला सुमारे 30 लिटर जागा लागते. आणि कारमध्ये 1 किलो नव्हे, बऱ्याचदा 5 ते 8 लिटर कूलंट असतं. ही वाफ द्रवाच्या वरून नाही, त्याच्या पोटातून फुटते, त्यामुळे उकळतं कूलंट सोबत घेऊनच ती तोंडाकडे उसळते. ग्लायकॉल मिसळलेलं असलं की आकडे थोडे बदलतात, परिणाम तोच. अंगावर पडलेली वाफ पुन्हा पाणी होताना तीच दडलेली उष्णता कातडीला देते, म्हणून वाफेने भाजलेली जखम उकळत्या पाण्यापेक्षा खोल जाते.

प्रेशर कुकरची आठवण इथे सगळ्यांनाच होते, आणि भौतिकशास्त्र खरोखर तेच आहे. पण एक फरक जिवावरचा आहे. कित्येक कुकरांचं झाकण आतून बसतं, त्यामुळे आतला दाबच ते घट्ट धरून ठेवतो, उघडू म्हटलं तरी उघडू देत नाही. रेडिएटरच्या कॅपला असं काही नसतं. आत दाब असताना ती फिरते, आणि फिरली की तोच दाब तिला वर भिरकावतो.

म्हणून थांबायचं. किती? निदान अर्धा तास, आणि जास्त वेळ देता आला तर उत्तमच. घड्याळापेक्षा भरवशाची खूण म्हणजे रेडिएटरचा वरचा होज पाईप. जाड कापडातून तो दाबून पाहा. टणक आणि गरम लागला तर आत दाब आहे, मग कॅपकडे बघायचंसुद्धा नाही. मऊ आणि कोमट झाला की कॅपवर जाड कापड घडी करून ठेवा, चेहरा बाजूला घ्या, कॅप थोडीशीच फिरवून थांबा. उरलासुरला दाब फुस्स करून निघून गेला की मगच पुढे फिरवा. बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरवर कॅप नसतेच. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण हीच दाबाची कॅप असते. ती टाकी पारदर्शक आणि साधी दिसते म्हणून तिच्याबद्दल बेफिकीर राहू नये, वरचं सगळं तिलाही तितकंच लागू आहे.

फॅनचीही तीच गोष्ट. विजेवर चालणारा रेडिएटर फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही तापमान वाढलं की आपोआप सुरू होतो. सैल बाही, गळ्यातलं कापड, बोटं, सगळं त्याच्यापासून लांब ठेवा. तरीही भाजलंच, तर त्यावरचे कपडे आणि अंगठ्या लगेच काढा, भाग 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका, आणि चेहरा किंवा डोळा असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

कॅपमध्ये दोन झडपा असतात. एक स्प्रिंगवर बसलेली, दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणारी, जास्तीचं कूलंट बाजूच्या टाकीत सोडणारी. दुसरी बरोब्बर उलट्या कामाची. इंजिन थंड होताना कूलंट आकुंचन पावतं, आत दाब कमी होतो, आणि ही छोटी झडप टाकीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली तर सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडल्यावर वरचा होज चपटा होऊन आत गेलेला दिसतो. होज खराब झाला म्हणून बदलला जातो, आणि दोष असतो कॅपचा. तिचं रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग सैल पडली की कूलंट ठरल्यापेक्षा आधी उकळू लागतं. नवी घेताना तिच्यावर कोरलेला दाबाचा आकडा जुन्याशी जुळायला हवा. जास्त दाबाची कॅप लावून रेडिएटर आणि होज यांची परीक्षा पाहण्यात काही अर्थ नाही.

आता आतल्या द्रवाकडे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारा द्रव सहज सापडत नाही. 1 किलो पाण्याचं तापमान 1 अंशाने वाढायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात, इथिलीन ग्लायकॉलला साधारण 2.4. मग ग्लायकॉल घालायचंच कशाला? कारण पाणी 0 अंशांना गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं, शिवाय ते लोखंडाला गंज आणि ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे 37 अंशांच्या आसपास असतो. पण शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे 13 अंशांनाच गोठतं! म्हणजे ‘पाणी न मिसळता घट्ट कूलंट भरलं की जास्त चांगलं’ हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे : त्याने थंडीतलं संरक्षणही घटतं आणि उष्णता वाहण्याची क्षमताही.

मिश्रणाला पाणी डिस्टिल्ड वापरा, यात मला तडजोड मान्य नाही. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार बहुतेक पदार्थांच्या उलट वागतात. पाणी जितकं गरम, तितके ते कमी विरघळतात. त्यामुळे त्यांचा थर बसतो तो नेमका सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या भोवती, जिथून उष्णता निघणं सर्वांत गरजेचं असतं. पाणी मिसळूनच मिळणारं तयार कूलंट घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही, पण त्यात आणखी पाणी घालू नका.

हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग फक्त ओळखीसाठी घातलेले असतात आणि सगळ्या कंपन्या एकच संकेत पाळत नाहीत. महत्त्वाची असतात ती त्यातली गंजरोधक द्रव्यं. ती वापरात संपत जातात, म्हणून कूलंट दिसायला स्वच्छ असलं तरी ठरावीक काळाने बदलावं लागतं, आणि तो काळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. वेगळ्या जातीची द्रव्यं एकमेकांत मिसळली की संरक्षण कमी होतं, कधी चिकट गाळही धरतो. रंग पाहून नव्हे, पुस्तिकेतलं नाव पाहून कूलंट घ्या.

आणि ते विष आहे. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, त्यामुळे लहान मुलं, कुत्री आणि मांजरं ते पिऊ शकतात. पोटात गेल्यावर यकृत त्याचं रूपांतर आम्लांत करतं, शेवटी तयार होणारं ऑक्झॅलिक आम्ल रक्तातल्या कॅल्शियमशी जोडलं जातं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. सुरुवातीला माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा दिसतो, मूत्रपिंडाचं नुकसान नंतर उघड होतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठायचं. तिथे या रूपांतराला अडवणारी औषधं देता येतात, पण ती वेळेवर मिळायला हवीत. काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवू नका, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नाही. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसून घ्या. गटारात किंवा मातीत ओतू नका, वापरलेलं तेल आणि कूलंट जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी गरम होत नाही, हा सल्ला अजूनही दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची छोटी डबी असते. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान ते मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. तोवर कूलंट इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, इंधन जास्त जातं, झीज वाढते. तो अडकला असेल तर नवा बसवायचा.

चालताना काटा लाल रेषेकडे गेला तर आधी एसी बंद करा आणि केबिनचा हीटर पूर्ण जोरात सोडा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता आत ओढतो. सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि इंजिन बंद करा. तापलेल्या ब्लॉकवर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, धातू अचानक आकुंचन पावून तडकू शकतो. एक फसवी गोष्ट लक्षात असू द्या : तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट सगळं वाहून गेलं तर काटा खाली येऊ शकतो, आणि इंजिन मात्र जळत असतं. हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर कूलंट कमी झाल्याची ती एक खूण आहे.

थंड गाडीवर करायच्या तपासण्या थोड्या आहेत. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, होज क्लॅम्पजवळ फुगले किंवा चिरले आहेत का, रेडिएटरच्या पात्यांत धूळ आणि किडे अडकले आहेत का. पाती धुताना पाणी कमी दाबाने आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने निघते आणि पाती वाकत नाहीत. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असतं. तिथे कूलंटचा ओघळ किंवा सुकलेला रंगीत डाग दिसला तर पंपाचं सील गेलं आहे. ते छिद्र बुजवू नका, सील गळू लागल्याचं कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

कूलंट बदलल्यावर आत हवा अडकते आणि तिच्याभोवतीचा धातू कोरडा तापतो. म्हणून सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो वापरा, हीटर चालू ठेवून इंजिन कामाच्या तापमानापर्यंत येऊ द्या. पुढच्या एक-दोन सकाळी, थंड असताना, पातळी पुन्हा पाहा. अडकलेले बुडबुडे निघून गेल्याने ती थोडी उतरते, तेवढं भरून घ्यायचं. पण त्यानंतरही ती उतरतच राहिली आणि गाडीखाली थेंबही दिसत नसेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) फुटून कूलंट इंजिनाच्या आतच जात असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी टाकी भरत राहून गाडी चालवू नका, ती उभी करून आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.