खानदेशातील ख्रिस्ती सेवाकार्य आणि स्त्रिया

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) सुवार्ताप्रसार, शिक्षण, रुग्णसेवा, उपासना आणि मंडळीची रोजची देखभाल या कामांत स्त्रियांनी उचललेला वाटा, आणि त्या वाट्याची मंडळीने ठेवलेली जाण, हा या नोंदीचा विषय आहे. खानदेशातील ख्रिस्ती समाज लहान आहे आणि त्याचे रूप जागोजागी वेगळे आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तो बहुतांशी नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या कुटुंबांचा, चाळीसगाव-अमळनेरकडे मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या छोट्या मंडळ्यांचा, तर नवापूर तालुक्यात व त्याच्या आसपास मुख्यतः मावची आणि इतर भिल्ल बोली बोलणाऱ्या आदिवासींचा आहे. स्त्रियांचे काम सर्वांत ठळक दिसते ते या शेवटच्या पट्ट्यात.

या कामाचा आधार नव्या करारातच सापडतो. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना प्रथम सांगणारी मग्दालीया मरीया, किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी, आपले घर मंडळीसाठी उघडणारी लुदिया आणि पतीच्या जोडीने अपुल्लोला शिकवणारी प्रिस्किल्ला यांची उदाहरणे मंडळ्यांच्या प्रवचनांत नेहमी येतात. त्याचबरोबर स्त्रीने उपदेश करू नये असे सांगणारे तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील वचनही तितक्याच वेळा पुढे केले जाते, आणि खानदेशातील बहुतेक मंडळ्यांचा व्यवहार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालत आला आहे.

येथे एक बाब सहसा विसरली जाते. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू करणारे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (1949 पासून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, म्हणजे ‘टीम’) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकन सुवार्तिक फ्रेडरिक फ्रान्सन (1852–1908) यांनी 1890 मध्ये शिकागो येथे स्थापन केले होते. ‘तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील’ या वचनाच्या आधारे स्त्रियांनी सुवार्ता सांगण्याचा हक्क त्याच सुमारास या फ्रान्सन यांनी एका पुस्तिकेत ठामपणे मांडला होता. जगातील बहुसंख्य लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचलेली नसताना स्त्रियांना घरी बसवणे शहाणपणाचे नाही, असा त्यांचा रोख होता. खानदेशातच काम करणाऱ्या स्वीडनमधील अलायन्स मिशनवरही त्यांच्या विचारांचा प्रभाव होता. म्हणजे खानदेशात आलेल्या मिशनांच्या मुळाशीच स्त्रियांना मोकळीक देणारा विचार होता. पुढे स्थानिक मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, तेव्हा वडीलमंडळ, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठांचे मंडळ, मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांचेच राहिले. हा उलटा प्रवास कसा झाला, याचा विचार मंडळीच्या इतिहासलेखनात झालेला नाही, आणि तो व्हायला हवा होता.

मिशनच्या सुरुवातीच्या काळात परदेशी अविवाहित मडमा आणि मिशनऱ्यांच्या पत्नी यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, महत्त्वाचे काम स्थानिक बायबल स्त्रियांनी केले. घराच्या आतल्या भागात परक्या पुरुषाला प्रवेश नसे आणि मडमेला बोली येत नसे. ही दोन्ही दारे उघडणारी व्यक्ती म्हणजे बायबलबाई. ती बहुधा विधवा, परित्यक्ता किंवा मिशनच्या वसतिगृहात वाढलेली असे. दोघीदोघींनी मिळून पायी गावात जायचे, विहिरीवर किंवा ओट्यावर बायका जमल्या की आधी ख्यालीखुशाली विचारायची, मग एखादे भजन म्हणायचे, चित्रांची गुंडाळी उलगडून येशूच्या आयुष्यातील एकेक प्रसंग दाखवायचा, आणि मराठी शुभवर्तमानात वाचलेले तिथल्या तिथे अहिराणीत किंवा मावचीत सांगायचे, असा कामाचा क्रम असे. बाळाचे आजारपण, सासूचा जाच, नवऱ्याचे दारूचे व्यसन हे विषय प्रवचनाच्या आधी निघत आणि बहुधा प्रवचनानंतरही चालूच राहत. त्यांतली जी समजून ऐकणे जमवी, तिलाच गावात दुसऱ्यांदा बोलावणे येई. मावचीसारख्या बोलींत पुढे शास्त्राचे छापील भाषांतर झाले, पण त्याच्या कितीतरी आधी या अल्पशिक्षित बायका तोंडी भाषांतर करत होत्या. त्यांचे मानधन पुरुष सुवार्तिकापेक्षा कमी असे, आणि वार्षिक अहवालांत त्यांची गणना अनेकदा नुसत्या आकड्याने होई.

1896–97 आणि 1899–1900 या दोन दुष्काळांनी पश्चिम भारतात अनाथ मुले आणि निराधार स्त्रिया यांच्या संगोपनाचा प्रश्न उभा केला आणि मिशनांच्या कामाचे वळण बदलले. या काळात पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी केडगाव येथे उभारलेले मुक्ती मिशन हे साऱ्या मराठी ख्रिस्ती जगाला स्त्रीनेतृत्वाचे उदाहरण ठरले. स्त्रियांनी चालवलेली शेती, छापखाना, शाळा आणि उपासना एकाच आवारात दाखवून देणारी ठिकाणे त्या काळी महाराष्ट्रात विरळाच होती. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर हीसुद्धा त्याच सेवेची बाजू होय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांचा खानदेशाशी धागा वेगळ्याच वाटेने जुळतो. धरणगावला जन्मलेले बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. धर्म वेगळा असलेल्या पोराला घरात घेऊन त्याचे लाड करणे हे सेवाकार्यात मोडते की नाही, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते.

रुग्णसेवेचे क्षेत्र थोडे अधिक नोंदले गेले आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे, सुरत-भुसावळ लोहमार्गालगत, 1942 मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनमार्फत चालते. अशा मिशन रुग्णालयांचा भार परिचारिका, सुईणी, स्वयंपाकिणी आणि आया यांच्यावर असतो. दिवस भरलेल्या बाईला झोळीत किंवा बैलगाडीतून आणल्यावर तिच्या उशाशी रात्रभर बसणारी, तिच्या बोलीत धीर देणारी आणि तिच्या नातेवाइकांना औषध समजावून सांगणारी परिचारिका ही अनेक आदिवासी कुटुंबांसाठी ख्रिस्ती सेवेची पहिली ओळख ठरली. रुग्ण कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्या उशाशी येत नसे.

रोमन कॅथलिक परंपरेत हे काम मुख्यतः धर्मभगिनींनी सांभाळले आहे. तिन्ही जिल्हे 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. शाळा, मुलींची वसतिगृहे, दवाखाने आणि बचत गट ही धर्मभगिनींची परिचित क्षेत्रे होत. धर्मगुरुपद स्त्रियांना खुले नाही. तथापि 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांना खुली केली.

आजच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत स्त्रियांच्या सेवेची दोन केंद्रे आहेत : महिला मंडळ आणि पाळकबाई, म्हणजे पाळकाची (मंडळीच्या धर्मगुरूची) पत्नी. महिला मंडळाची साप्ताहिक प्रार्थनासभा पाळीपाळीने सभासदांच्या घरी भरते. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरी पहिले जेवण पोहोचवणे, मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन ही सारी कामे तेथूनच ठरतात. नंदुरबार जिल्ह्यात हे ओझे अधिक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि पावसाळा सरला की पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायका आणि मुली यांच्यावरच त्या महिन्यांत रविवारची उपासना टिकून असते. पेटी वाजवणारा नसला तर टाळ्यांच्या ठेक्यावर गीते म्हटली जातात. कापणीच्या सणाला वेदीपुढे ज्वारी, तूर, भोपळे, लाल मिरच्या यांची रास लागते, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि ती रक्कम मंडळीच्या निधीत जमा होते. या सणाची घरोघरची फिरती आणि राशीची मांडणी बायका करतात, लिलाव पुकारतो तो एखादा वडील, आणि हिशेब खजिनदाराच्या नावे लिहिला जातो.

पाळकबाईचे स्थान याहून अवघड आहे. तिची नेमणूक कोणी केलेली नसते, तिला मानधन नसते, पण संडे स्कूलपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत मंडळीची अपेक्षा तिच्याकडूनच असते. कित्येक ठिकाणी पती दौऱ्यावर असताना तीच वचन सांगते, आणि लोक ते मन लावून ऐकतात. मात्र त्याला प्रवचन म्हणण्याऐवजी ‘साक्ष’ (स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवाचे कथन) म्हटले जाते.

कौतुकाची रीत बहुतेक मंडळ्यांत ठरून गेली आहे. वर्षातून एक रविवार महिलांचा असतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात, ज्येष्ठ सेविकेला शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो, आणि नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन वाचले जाते. यात खोटे काही नाही, पण पदाच्या प्रश्नाला तो रविवार हात लावत नाही. 1970 मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्ये एग्गोनी पुष्पललिता, तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात 2023 मध्ये व्हायोलेट नायक या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. खानदेशातील अलायन्स परंपरेच्या मंडळ्यांत वडीलपद आणि दीक्षा बहुतांशी पुरुषांकडेच आहेत. निवृत्त पाळकाच्या सेवेची वर्षे मोजून त्याला निरोप दिला जातो. त्याच घरात तितकीच वर्षे राबलेल्या त्याच्या पत्नीच्या सेवेची नोंद मंडळीच्या दप्तरात वेगळी उघडली जात नाही, आणि पती वारल्यास मंडळीचे घर रिकामे करण्याची वेळही तिच्यावरच येते.