विस्मयाचं मोजमाप: कासच्या सड्यापासून सागरेश्वरापर्यंत

सप्टेंबरात कासला जाऊन आलेल्या माणसाला काय पाहिलं विचारा, उत्तर लगेच मिळतं: फुलं. कसं वाटलं विचारलं की मात्र तो अडखळतो. कुणी म्हणतं बरं वाटलं, कुणी म्हणतं मन शांत झालं. एखादाच जरा संकोचून सांगतो, "देवळात गेल्यासारखं वाटलं." हे शेवटचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विज्ञानानं ते बराच काळ कवींवर सोपवून दिलं होतं. त्यामागची भावना म्हणजे विस्मय, आणि आता ती प्रयोगशाळेतही पोचली आहे.

२००३ साली डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विस्मयाची एक मांडणी केली. त्यांच्या मते विस्मय वाटायला दोन गोष्टी लागतात. समोर जे आहे ते आपल्यापुढे अफाट असावं, आणि आपल्या आजवरच्या समजुतीत ते मावू नये. मावत नाही म्हणून समजूतच बदलावी लागते. हे अफाटपण उंचीचं असेल, काळाचंही असेल.

कासच्या कातळावर ते काळाचं आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, पसरलं आहे. त्याचा मूळ खडक म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. पुढे ऊनपावसानं तो कुजत गेला, विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागं राहिली आणि जांभा झाला. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. मोठं झाड इथं मूळ धरू शकत नाही. जूनच्या पावसाबरोबर उगवायचं आणि पाणी आटायच्या आत फुलून बी टाकायचं, एवढीच मुदत इथल्या बहुतेक रोपांना मिळते.

या उपाशी मातीत नायट्रोजन कमी. म्हणून काही वनस्पती तो शिकार करून मिळवतात. निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे घालणारी सीतेची आसवं त्यांतलीच. तिचं फूल सगळे पाहतात, पण तिचा खरा कारभार ओल्या मातीत चालतो. तिथं तिच्या अगदी बारीक पिशव्या असतात. वनस्पती पिशवीतलं पाणी बाहेर काढते, त्यामुळे आतला दाब घटतो आणि भिंती आत दबतात, ड्रॉपरचा फुगा दाबून धरावा तशा. एखादा सूक्ष्म जीव दारावरच्या केसांना धडकला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. याच कुळातल्या पाण्यात वाढणाऱ्या जातींवर अतिवेगवान कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा ही ओढ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते असं दिसलं. म्हणजे खडकाचा काळ कोटींत आणि त्यावरच्या फुलाचा काळ मिलिसेकंदात. आपलं साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य यांच्या मध्ये कुठेतरी, आणि कुठल्याच टोकाच्या मापात न बसणारं.

असं काही जाणवल्यावर माणसात काय बदलतं? पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग साधा आणि सुंदर आहे. बर्कलेच्या विद्यापीठात निलगिरीची प्रचंड उंच झाडं आहेत. काही विद्यार्थ्यांना एक मिनिट त्या झाडांकडे मान वर करून पाहायला लावलं, काहींना शेजारच्या इमारतीकडे. मग प्रयोग घेणाऱ्यानं चुकून पडल्यासारखी पेनं खाली पाडली. झाडं पाहिलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. व्हर्जिनिया स्टर्म यांच्या २०२० सालच्या अभ्यासात वयस्क माणसं आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला गेली. एका गटाला वाटेत विस्मय शोधायला सांगितलं होतं. प्रत्येकानं चालताना स्वतःचे फोटोही काढायचे होते. आठवडे सरले तशी विस्मय शोधणाऱ्यांची स्वतःची आकृती फोटोत लहान होत गेली, मागचा निसर्ग जास्त दिसू लागला, आणि हसू रुंदावलं. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

हे अभ्यास लहान गटांवरचे आणि अमेरिकेतले आहेत. कासच्या परिसरातल्या, जावळीच्या एखाद्या म्हातारीवर ते जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण 'मी' आकसला की हात दुसऱ्यासाठी मोकळा होतो, हे त्या म्हातारीला नवं नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातल्या देवरायांत हीच गोष्ट नियम होऊन बसली आहे. देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. झाड तोडणं भागच असेल तर आधी देवाला कौल लावायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल शास्त्रीय जगापुढे ठेवलं. या नियमांत भीतीही आहे, कोपाची. ती झाकायचं कारण नाही. भीतीनं भरलेला विस्मयही असतो आणि त्यात माणसाला हतबल वाटतं, हे मानसशास्त्रालाही दिसलं आहे.

निसर्गाशी नातं कशानं जुळतं यावर इंग्लंडमध्ये माइल्स रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी काम केलं. २०१७ साली त्यांनी पाच वाटा सांगितल्या: प्रत्यक्ष स्पर्श-सहवास, सौंदर्य, भावना, अर्थ आणि करुणा. नुसती माहिती त्यांत नाही. विज्ञान लिहिणाऱ्याला हे बोचतं, पण मला पटतंही. कासला आल्यावर गाइडकडून फुलांची नावं ऐकायची, टिपायची आणि पुढे सरकायचं, यातून यादी वाढते, नातं वाढेलच असं नाही. मात्र सीतेच्या आसवांची पिशवी कशी चालते हे कळल्यावर माणूस त्या फुलाशेजारी आपोआप उकिडवा बसतो. अशी माहिती सहवासाकडेच नेते, असं माझं मत आहे. आणि जिनं हे फूल पहिल्यांदा सीतेच्या दुःखाशी जोडलं असेल, ती अर्थाच्या वाटेनं तिथं पोचली होती.

करुणेची वाट पाहायची तर सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरला जावं. तिथं प्राचीन शिवमंदिरं आहेत, पण भोवतीचे दुष्काळी डोंगर बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तिथं जंगल उभं करायचा ध्यास घेतला, माणसं जोडली, झाडं लावली, हरणं आणून सोडली गेली. १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं, सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचं. आज तिथं सांबर, चितळ आणि काळवीट नांदतात. देवराईत देवानं रान राखलं, असं गाव मानतं. सागरेश्वरात देव आधीपासून होता आणि त्याच्याभोवतीचं रान माणसांनी आपल्या हातांनी लावलं.