जुन्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड वाढवण्याआधी एवढं वाचा

घरची जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर पगारातून उरेल तशी, स्वतःच्या हाताने सुधारायची, याला आम्हा गॅरेजवाल्यांचा विरोध नाही. उलट तेच बरं. हौसेने एकदम सगळी उघडलेली गाडी इथल्या कोकणच्या खाऱ्या हवेत मांडवाखाली दोन पावसाळे पडून राहिली की पुन्हा जोडायला माणूस मिळत नाही.

क्रम आमच्या मते असा: आधी ब्रेक, मग टायर, रेडिएटर, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! दर दोन वर्षांनी ते बदलाच, व्हील सिलेंडरची (चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या सिलेंडरची) रबरंही त्याच वेळी बघून घ्या.

प्रत्यक्षात मात्र बरेच जण सुरुवात करतात ती हेडलाइटपासून. आंबा घाटात पावसात समोरचं दिसत नाही, तेव्हा १०० वॅटचे बल्ब मागवून जुन्याच वायरिंगवर बसवतात. मूळ दिवे साधारण ४५ वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून सात-आठ अँपियर. नव्या बल्बांना सोळा-सतरा लागतात, आणि तो सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जातो. स्विच वितळतो, मग गाडी आमच्याकडे येते. शिवाय रस्त्यावर ६०/५५ च्या (अप्परला ६० वॅट, डिप्परला ५५) वर परवानगीही नाही.

दिवा मंद असण्यात बहुतेक वेळा बल्बचा दोषच नसतो. दिव्यापर्यंत व्होल्टेज दहा टक्के कमी पोचलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या, दिवे लावा, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या (म्हणजे बॉडीला जोडलेल्या) टर्मिनलवर आणि दुसरं हेडलाइटच्या अर्थच्या वायरवर धरा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग गेलंय. स्क्रू काढा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, नवं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. खर्च चहापाण्याचा. एवढं करून समाधान झालं नाही तरच ६०/५५ चे हॅलोजन घ्या. तेही रिले लावून, म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्याशा करंटवर चालणारा आणि दिव्याचा जड करंट स्वतः सोडणारा वेगळा स्विच लावून: अप्परला एक, डिप्परला एक, आणि बॅटरीपाशी फ्यूज. फिलामेंटच्या बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब आम्ही बसवत नाही. त्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, रस्त्यावर कमी पडतो.

आता आमची तक्रार. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळू नका. पहिल्या पावसाळ्यात टेपचा गोंद सुटतो, आत तांबं हिरवं पडतं, आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. त्यात वायरचं एकच बंडल आणलेलं असतं, म्हणून हॉर्नपासून वायपरपर्यंत गाडीभर लाल वायर. हा फॉल्ट शोधण्यात आमच्या वायरमनचा अख्खा दिवस जातो. त्याचे पैसे आम्ही तासावर लावतो आणि ते काहींना जास्त वाटतात. काम पाच मिनिटांचं होतं हे खरं, पण ते कुठे करायचं हे सापडायला सहा तास लागले.

म्हणून आम्ही या दोन्ही गाड्यांसाठी रिलेचा तयार हार्नेस (आधीच जोडलेला वायरींचा जुडगा) बनवून ठेवतो. मूळ रंगांच्या वायरी, दाबलेली थिंबलं, फ्यूज होल्डर आणि मराठीत आकृती. रविवारी घरी बसवा, सोमवारी दाखवायला आणा. तपासणीचे पैसे घेत नाही. गाडीला डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर आधी तसं सांगा. इंजिन मंद चालताना तो पुरेसं चार्जिंग देत नाही. दिवे आणि वायपर एकत्र चालवायचे तर त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर लागेल. तो घेण्यापूर्वी बॅटरीचं कोणतं टर्मिनल बॉडीला जोडलंय ते बघा. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह असतं, आणि उलट जोडलं तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिथल्या तिथे जळतात.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अर्धवट उघडलेलं वायरिंग आम्ही घेत नाही. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणा. आणि डॅशबोर्डखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढा.