लांबट प्राण्याला थंडी जास्त का वाजते

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मामांच्या घरी गेल्या आठवड्यात माळ्यावर रात्रभर धाडधाड आवाज यायला लागले. सकाळी गच्चीच्या कठड्यावर विष्ठा, आणि तिच्यात चिकूच्या चकचकीत काळ्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या, तेव्हाच म्हटलं हे उदमांजर. पण गल्लीच्या ग्रुपवर तोवर "मसण्याउद आलाय, घरात कुणाचं तरी बरंवाईट होणार" सुरू झालं होतं, आणि एकाने तर ठासून लिहिलं की हा मार्टेन आहे, युरोपात लोक यांना घरं बांधून देतात. मसणाशी या प्राण्याचा काडीचा संबंध नाही, तो फळं, किडे, उंदीर खातो आणि खाल्लेल्या फळांच्या बिया लांब नेऊन टाकतो, असल्या नावापायी बिचारे मार खातात. आणि मार्टेन तर वेगळाच, पाणमांजराच्या कुळातला लांबट, सडपातळ प्राणी. आपल्याकडे पिवळ्या गळ्याचा मार्टेन हिमालयात आणि निलगिरी मार्टेन पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात असतो, बडोद्यात नाही. पण घरं बांधून देतात हे मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि का देतात यामागचं विज्ञान मला फार म्हणजे फार आवडतं.

ब्रिटनमध्ये पाइन मार्टेन शिकार आणि जंगलतोडीमुळे इंग्लंड-वेल्समधून जवळजवळ संपला होता. २०१५ ते २०१७ मध्ये व्हिन्सेंट वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेने स्कॉटलंडहून ५१ मार्टेन आणून वेल्समध्ये सोडले. पण माणसाने लावलेल्या जंगलातली झाडं तरुण आणि सरळसोट, त्यांना ढोली कुठून येणार, मग मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं द्यायची वेळ आली की मादी सरळ एखाद्या घराचा माळा गाठते. म्हणून ढोलीऐवजी झाडांवर लाकडी पेट्या बांधून देतात, तीच ती घरं.

आता ढोलीच का हवी? लुडोचे आठ फासे घ्या, प्रत्येक बाजू एक सेंटीमीटर धरा. दोन-दोनच्या चवडी लावून त्यांचा एक मोठा ठोकळा केला तर बाहेरून दिसणारा पृष्ठभाग २४ चौरस सेंटीमीटर. तेच आठ फासे एका ओळीत लावले तर ३४. माल तेवढाच, पण बाहेरची कातडी चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली. उष्णता शरीराच्या आत तयार होते आणि कातडीतून निसटते, म्हणजे लांबट प्राणी हा ओळीत लावलेल्या फाशांसारखा, सारखा गार पडणारा. १९७२ साली ब्राउन आणि लसिएव्स्की या अमेरिकन संशोधकांनी याच कुळातल्या विझल या छोट्या, सडपातळ प्राण्यावर मोजून दाखवलं की थंडीत त्याला तेवढ्याच वजनाच्या इतर प्राण्यांपेक्षा ५० ते १०० टक्के जास्त ऊर्जा जाळावी लागते. वर त्याला मांजरासारखं गोल गुंडाळून बसताही येत नाही, फार तर चपटी चकती होते. मार्टेन विझलपेक्षा बराच मोठा, एक ते दोन किलोचा, पण घडण तशीच, अंगावर चरबीही बेताची.

आणि इथे खरी मजा आहे. प्रत्येक उष्णरक्ताच्या प्राण्याचं एक खालचं क्रिटिकल टेंपरेचर असतं, हवा त्याच्यावर असली की शरीर कमीत कमी इंधनावर चालतं, त्याच्याखाली गेली की दर अंशाला इंधन सरळ रेषेत वाढत जातं, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे शरीराचा कंडक्टन्स, उष्णता किती सहज निसटते त्याचं माप, केस जितके आखूड आणि पृष्ठभाग जितका जास्त तितका चढ जास्त. ढोलीत किंवा पेटीत काय होतं, तर प्राणी स्वतःच हीटर बनतो. जाड लाकूड आणि आतली स्तब्ध हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, आतलं तापमान चढत चढत त्या क्रिटिकल रेषेकडे सरकतं आणि मादीचं जे इंधन वाचतं ते दुधात जातं. पिल्लं आंधळी जन्मतात, डोळे उघडायला पाचेक आठवडे लागतात, आणि बाप मदतीला नसतो, म्हणजे शिकारीला जायचं तर पिल्लांना एकटं सोडूनच. तेवढा वेळ ऊब धरून ठेवायचं काम पेटीचं.

म्हणून त्या पेट्या नुसत्या खोक्यासारख्या नसतात. झाडावर साधारण चार मीटर उंच बसवतात, वाट खोडाच्या बाजूने असते म्हणजे खोडावरून चढून थेट आत शिरता येतं, आणि पिल्लांची जागा आडोशाला, वाऱ्याच्या झोतात नाही. घराच्या माळ्याचं भोक बुजवायचं ते पिल्लं बाहेर पडल्यावर आणि जवळ पेटी लावून झाल्यावरच. उलटं केलं तर आई बाहेर, पिल्लं आत, आणि महिनाभर वास.

बडोद्यात गणित उलटं करायचं. इथे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो, त्यामुळे पत्र्याची पेटी म्हणजे तंदूर. उदमांजर दिवसा झोपतं, म्हणजे ऐन दुपारी ते आतच असणार. जाड लाकूड, सावली, आणि वर-खाली हवेला फट, असं हवं. खरं तर सगळ्यात चांगली पेटी म्हणजे जुनं चिंचेचं किंवा आंब्याचं झाड, पण आमच्या भागात ढोली दिसली की कुणीतरी "किडलंय" म्हणून फांदी उतरवतंच. आणि कुणी पिंजरा लावायच्या गोष्टी करत असेल तर हा प्राणी वन्यजीव कायद्याखाली येतो, आधी वनखात्याला फोन करा.

मामांनी भोक अजून बुजवलेलं नाही, आधी माळ्यावर पिल्लं आहेत का ते बघायचंय. मागच्या आंब्यावर उत्तरेच्या बाजूला पेटी बांधतोय, सागाची जुनी फळी मिळालीये. आत एक थर्मामीटर आणि बाहेर सावलीत एक असे दोन ठेवणार, मेमध्ये दोघांत किती अंशांचा फरक पडतो ते रोज दुपारी तीनला लिहून ठेवीन.